तीन ऑपरेटर, नव्वद रीडिंग : गेज आर अँड आरचे बेझियन विश्लेषण कसे करावे

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत, मग तो कारखाना चाकणचा असो, भोसरीचा असो की वाळूजचा, मोजमाप यंत्रणेचा अभ्यास, म्हणजे गेज (मोजण्याचे साधन) आर अँड आर, ही आता नेमाची बाब झाली आहे. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक कंट्रोल प्लॅनमध्ये नोंदलेल्या मापन यंत्रणांचा सांख्यिकीय अभ्यास मागते आणि तो कसा करावा याचा तपशील बहुतेक जण एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योग संघटनेच्या एमएसए (मेझरमेंट सिस्टिम्स ॲनालिसिस) पुस्तिकेतून, म्हणजे तिच्या २०१० च्या चौथ्या आवृत्तीतून घेतात. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाची प्रत्येक नगावर तीन रीडिंग, अशी नव्वद रीडिंग घेतली जातात आणि सॉफ्टवेअर मोजमापातल्या विचलनाची एक टक्केवारी छापते. ती दहाच्या आत असेल तर गेज उत्तम, दहा ते तीसच्या दरम्यान असेल तर परिस्थिती पाहून चालेल, तीसच्या वर गेली तर नापास. फाइलला कागद लागतो आणि विषय तिथेच संपतो.

अडचण अशी आहे की या एका टक्केवारीत दोन अगदी निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्याच ऑपरेटरने तोच नग पुन्हा मोजला तर रीडिंग किती हलते, म्हणजे रिपीटेबिलिटी, ही गोष्ट नव्वद रीडिंगांतून बऱ्यापैकी पक्की कळते. ऑपरेटर बदलला की रीडिंग किती बदलते, म्हणजे रिप्रोड्युसिबिलिटी (“आर अँड आर” ते हेच दोन आर), ही गोष्ट मात्र तीन माणसांवरून ठरवली जाते, आणि तीन माणसांवरून ती जवळजवळ कळत नाही, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. छापील टक्केवारी हा फरक दाखवत नाही. बेझियन पद्धतीचा, म्हणजे आधीची समजूत आणि नवी रीडिंग यांची संभाव्यतेच्या गणिताने सांगड घालणाऱ्या पद्धतीचा, खरा उपयोग इथे आहे : जे ठाऊक आहे ते किती ठाऊक आहे हे तिच्यात लिहावे लागते, आणि “हा गेज तीस टक्क्यांच्या वर असण्याची संभाव्यता किती” या थेट प्रश्नाला थेट उत्तर मिळते. पुढे ती पद्धत एका उदाहरणातून, आधी स्प्रेडशीटवर आणि मग सॉफ्टवेअरमध्ये, कशी वापरावी ते दिले आहे.

उदाहरण आणि त्यामागचे मॉडेल

ग्राइंडिंग झालेल्या शाफ्टचा बाह्य व्यास २० मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे २० मायक्रॉन, म्हणजे एकूण पट्टा ४० मायक्रॉनचा, आणि मोजण्यासाठी १ मायक्रॉन लीस्ट काउंटचा डिजिटल मायक्रोमीटर, असे समजू. पुढचे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. मात्र त्यांच्यावरचे गणित खरे आहे आणि ते कोणालाही पडताळून पाहता येईल.

प्रत्येक रीडिंग पाच गोष्टींची बेरीज आहे असे मानले जाते : सर्व रीडिंगांची सरासरी, त्या नगाचे स्वतःचे वेगळेपण, त्या ऑपरेटरची वर किंवा खाली मोजण्याची लकब, विशिष्ट ऑपरेटर आणि विशिष्ट नग एकत्र आल्याने पडणारा फरक, आणि उरलेली निव्वळ अनियमितता. पहिली सोडली तर बाकी चारांना प्रत्येकी एक प्रमाण विचलन असते. अभ्यासाचा सारा खटाटोप ही चार प्रमाण विचलने शोधण्यासाठीच असतो. मायक्रोमीटर मुळातच दोन मायक्रॉन जास्त दाखवत असेल, तर तो दोष या अभ्यासात दिसणार नाही. तो बायसचा प्रश्न आहे आणि त्यासाठी स्लिप गेजवर (ठरावीक मापाच्या मानक ठोकळ्यांवर) वेगळी तपासणी लागते.

रीडिंग घेण्याच्या टप्प्यावर थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण इथली चूक नंतर कोणतेही गणित सुधारू शकत नाही. नग सध्याच्या उत्पादनातून, निरनिराळ्या शिफ्टमधून आणि टॉलरन्सच्या दोन्ही टोकांकडचे मिळतील अशा रीतीने निवडावेत. कोणता नग कितवा आहे हे ऑपरेटरला दिसू नये आणि प्रत्येक फेरीत नगांचा क्रम बदललेला असावा. व्यासाची एकच ठरलेली जागा मोजायची असेल तर ती मार्करने आखून द्यावी. नाहीतर शाफ्टची ओव्हॅलिटी (गोलाईतली लंबुळकी) रिपीटेबिलिटीच्या खात्यात जमा होते. तापमानाकडे तर विशेष लक्ष द्यावे. पोलादाची लांबी दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढते, म्हणजे २० मिलिमीटरचा शाफ्ट १० अंशांनी तापला की त्याचा व्यास २.३ मायक्रॉनने वाढतो. एका ऑपरेटरने ग्राइंडरवरून नुकतेच उतरलेले नग मोजले आणि दुसऱ्याने तेच नग दोन तासांनी थंड झाल्यावर मोजले, तर हा फरक ऑपरेटरचा म्हणून नोंदला जातो आणि बिचाऱ्या ऑपरेटरला प्रशिक्षणाला पाठवले जाते. तिघांनीही तापमान स्थिर झालेले नग, एकाच जागी, रॅचेट (दाब सारखा ठेवणारी मायक्रोमीटरची कळ) वापरून मोजावेत. कागदावर आकडे “बसवून” आणण्याची पद्धत ज्या ठिकाणी आहे, तिथे पुढचे काही वाचण्यात अर्थ नाही.

आधी नेहमीचा अनोव्हा करावा

बेझियन विश्लेषण करायचे म्हणून नेहमीचा अनोव्हा, म्हणजे एकूण विचलन त्याच्या घटकांत विभागणारे रूढ विश्लेषण, सोडू नये. त्यातून मिळणारी मीन स्क्वेअरची चार मूल्ये ही पुढच्या गणिताची सामग्री आहे. आपल्या उदाहरणात ती अशी आली, असे धरू : नगांसाठी ३२५.३६ (९ डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्र माहितीचे तुकडे), ऑपरेटरांसाठी ३१.३६ (२), नग-ऑपरेटर जोडीसाठी १.१० (१८) आणि उरलेल्या अनियमिततेसाठी १.४४ (६०). एकके मायक्रॉनच्या वर्गात आहेत.

जोडीचा मीन स्क्वेअर अनियमिततेपेक्षा लहान आहे हे पाहावे. सूत्रात घातले तर जोडीचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, (१.१० − १.४४) ÷ ३, म्हणजे उणे ०.११ निघतो. व्हेरियन्स ऋण असू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर गुपचूप शून्य लिहिते किंवा जोडी आणि अनियमितता एकत्र करून टाकते. एकत्र केल्यावर ७८ डिग्री ऑफ फ्रीडमवर १.३६ हा व्हेरियन्स मिळतो, म्हणजे रिपीटेबिलिटीचे प्रमाण विचलन १.१७ मायक्रॉन. ऑपरेटरचा व्हेरियन्स (३१.३६ − १.३६) ÷ ३० = १.००, म्हणजे प्रमाण विचलन १ मायक्रॉन. दोन्ही मिळून आर अँड आर १.५४ मायक्रॉन, त्याची सहापट ९.२ मायक्रॉन, आणि ४० मायक्रॉनच्या टॉलरन्सशी त्याचे प्रमाण २३ टक्के. नगांचे प्रमाण विचलन ६ मायक्रॉन निघते, एनडीसी (गेज नगांचे किती वेगळे गट ओळखू शकतो ती संख्या) ५ येतो. रूढ निकषांवर गेज “सशर्त स्वीकार्य” ठरतो. (जुन्या फाइलींशी तुलना करताना गुणक तपासून घ्यावा. पूर्वी सहाऐवजी ५.१५ ने गुणत असत, आणि त्या गुणकाने हाच गेज २० टक्क्यांच्या आत दिसतो.)

आता त्या दोन घटकांची ९५ टक्क्यांची मर्यादा काढावी, आणि तीही जुन्या काय-स्क्वेअर तक्त्यावरून. रिपीटेबिलिटी १.०१ ते १.३८ मायक्रॉन येते. तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. ऑपरेटरच्या घटकासाठी मात्र डिग्री ऑफ फ्रीडम दोनच आहेत, त्यामुळे काय-स्क्वेअरची दोन टोके ०.०५०६ आणि ७.३७८ इतकी दूर जातात, आणि प्रमाण विचलनाची मर्यादा ०.४९ ते ६.४ मायक्रॉन निघते. टॉलरन्सशी प्रमाण काढले तर ते १९ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. २३ हा आकडा या पट्ट्याच्या खालच्या काठाला चिकटलेला आहे आणि अहवालात तोच एकटा छापला जातो.

ऑपरेटरच्या घटकासाठी प्रायर

तरीही ९८ टक्के हे टोक पाहून कोणताही अनुभवी निरीक्षक हसेल. रॅचेट असलेल्या डिजिटल मायक्रोमीटरवर प्रशिक्षित ऑपरेटरांमध्ये सहा मायक्रॉनचे प्रमाण विचलन पडत नाही, हे त्याला ठाऊक असते. काय-स्क्वेअरच्या तक्त्याला ते ठाऊक नसते. हे ज्ञान गणितात आणण्याची जागा म्हणजे प्रायर, अर्थात रीडिंग पाहण्याआधी त्या राशीबद्दल आपली जी समजूत आहे तिचे लेखी वितरण.

प्रमाण विचलन शून्याखाली जात नाही म्हणून प्रायरही शून्यापासून सुरू होणारा हवा. त्यासाठी हाफ-नॉर्मल वितरण सोयीचे पडते : सामान्य वितरणाची फक्त उजवी बाजू. त्याची मोजपट्टी, म्हणजे स्केल, १.५ मायक्रॉन ठेवली तर आपण असे म्हणत असतो की ऑपरेटरांमधले प्रमाण विचलन ३ मायक्रॉनच्या वर असण्याची संभाव्यता साडेचार टक्क्यांच्या जवळपास आहे. हे वाक्य क्वालिटीच्या, उत्पादनाच्या आणि मेट्रॉलॉजीच्या माणसांसमोर मोठ्याने वाचावे. ते पटत नसेल तर स्केल बदलावे, पण रीडिंग पाहण्याआधी बदलावे आणि कोणत्या तारखेला काय ठरले ते लिहून ठेवावे. निकाल पाहून प्रायर निवडणे आणि निकाल पाहून रीडिंग निवडणे यांत माझ्या मते काही फरक नाही.

प्रायरचा सर्वांत चांगला उगम म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या जुन्या फाइली. त्याच जातीच्या मायक्रोमीटरांचे, तशाच नगांवर केलेले मागचे अभ्यास काढावेत, प्रत्येकातले ऑपरेटरचे प्रमाण विचलन टिपावे आणि ती मूल्ये ज्या वितरणात सहज बसतील ते वितरण घ्यावे. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावरची अनिश्चितता मात्र इथे वापरू नये. ती प्रयोगशाळेतल्या २० अंश तापमानाची, एका कुशल हाताची आणि मानक स्लिप गेजांवरची असते. शॉप फ्लोअरवर तीन जण काय करतात याबद्दल ती काहीच सांगत नाही.

जुन्या पुस्तकांत व्हेरियन्ससाठी इन्व्हर्स-गॅमा (०.००१, ०.००१) हा प्रायर “काहीही न सांगणारा” म्हणून दिलेला आढळतो. तो घेऊ नये. गटांची संख्या थोडी असली आणि व्हेरियन्स शून्याजवळ असला की हा प्रायर निकालाला भलतीकडे ओढतो, हे अँड्र्यू गेलमन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. तीनच गट असताना सपाट प्रायरही वरच्या टोकाला अवास्तव वजन देतो, हेही त्यांनीच मांडले. आपले ऑपरेटर नेमके तीनच आहेत.

स्प्रेडशीटवर, हाताने

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे गणित एकदा एक्सेलमध्ये करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. नंतर सॉफ्टवेअर काय करते ते डोळ्यांसमोर राहते. रिपीटेबिलिटी पुरेशी पक्की असल्याने तिचा व्हेरियन्स १.३६ वर स्थिर धरू आणि फक्त ऑपरेटरचे प्रमाण विचलन शोधू. त्याला “स” म्हणू.

पहिल्या स्तंभात स ची मूल्ये ०.२५ च्या टप्प्याने शून्यापासून ६ पर्यंत लिहावीत. दुसऱ्या स्तंभात व = १.३६ + ३० × स × स काढावा. स खरोखर तेवढा असेल तर ऑपरेटरचा मीन स्क्वेअर सरासरीने किती यायला हवा, ते हा व सांगतो. ३० ही संख्या म्हणजे प्रत्येक ऑपरेटरची रीडिंग. तिसऱ्या स्तंभात लाइकलिहूड, म्हणजे स तेवढा असता तर ३१.३६ हा मीन स्क्वेअर येणे कितपत शक्य होते त्याचे माप : उणे (३१.३६ ÷ व) चे एक्स्पोनेन्शियल काढून त्याला व ने भागावे. ऑपरेटर तीन असताना सूत्र इतके सोपे होते. ऑपरेटर ज्यादा असतील तर एकूण संख्येतून एक वजा करून त्याच्या निम्म्याने ३१.३६ ला गुणावे आणि व चाही तेवढाच घात घ्यावा. चौथ्या स्तंभात प्रायर : उणे (स × स ÷ ४.५) चे एक्स्पोनेन्शियल, जिथे ४.५ म्हणजे १.५ च्या वर्गाची दुप्पट. पाचव्या स्तंभात तिसरा गुणिले चौथा. काही ओळी अशा येतात :

| स | व | लाइकलिहूड | प्रायर | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| ०.५ | ८.८६ | ०.००३३ | ०.९४६ | ०.००३१ |
| १.० | ३१.३६ | ०.०११७ | ०.८०१ | ०.००९४ |
| १.५ | ६८.८६ | ०.००९२ | ०.६०७ | ०.००५६ |
| २.० | १२१.३६ | ०.००६४ | ०.४११ | ०.००२६ |
| ३.० | २७१.३६ | ०.००३३ | ०.१३५ | ०.०००४ |

पाचव्या स्तंभाची बेरीज ०.०४५६ येते. प्रत्येक ओळीला या बेरजेने भागले की त्या त्या मूल्याची पोस्टेरियर, म्हणजे रीडिंग पाहिल्यानंतरची, संभाव्यता मिळते, आणि तेवढ्यावर काम झाले. लाइकलिहूडचा स्तंभ एकदा नीट पाहावा : १ वर तो सर्वांत उंच आहे, पण ३ वर उतरतानाही त्याने पाव हिस्सा उंची राखलेली आहे. तीन माणसांच्या माहितीला मोठी मूल्ये नाकारण्याची ताकद नाही, हे तिथे आकड्यांत दिसते. ती मूल्ये खाली ओढण्याचे काम चौथा स्तंभ करतो.

आता प्रश्न विचारता येतो. आर अँड आर टॉलरन्सच्या तीस टक्के होण्यासाठी त्याचे प्रमाण विचलन ०.३० × ४० ÷ ६, म्हणजे बरोबर २ मायक्रॉन व्हायला हवे. २ चा वर्ग ४, त्यातून १.३६ वजा केले की २.६४ उरतात, त्याचे वर्गमूळ १.६२५. म्हणजे स १.६२५ च्या वर असण्याची संभाव्यता हवी आहे. स १.७५ च्या ओळीपासून खालच्या सर्व संभाव्यता मिळवल्या की सुमारे २४ टक्के येतात. स चा मध्यक १.२ मायक्रॉन आणि ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण ०.५ ते २.९ मायक्रॉन, त्यावरून टॉलरन्सशी प्रमाण मध्यकावर २५ टक्के आणि पट्टा १९ ते ४६ टक्के. गेज दहा टक्क्यांच्या आत असण्याची संभाव्यता शून्य मानायला हरकत नाही, कारण एकटी रिपीटेबिलिटीच साडेसतरा टक्के खाऊन बसली आहे.

यानंतर एक काम कधीही टाळू नये : प्रायर बदलून तेच गणित पुन्हा करणे. स्केल १.५ ऐवजी ३ मायक्रॉन घेतले (४.५ च्या जागी १८) तर तीस टक्के ओलांडण्याची संभाव्यता ४२ टक्के होते. प्रायर पूर्ण सपाट ठेवला आणि स ला वर मर्यादाच ठेवली नाही, तर ती ६२ टक्क्यांच्या आसपास जाते. रीडिंग तीच, अनोव्हा तोच. हे पाहून “बघा, बेझियन पद्धतीत हवे ते उत्तर काढता येते” असे म्हणणारे भेटतात. मला यातून उलट निष्कर्ष निघतो : या अभ्यासात ऑपरेटरबद्दल माहितीच इतकी थोडी आहे की बाहेरून काय गृहीत धरले यावर निर्णय फिरतो, आणि २३ टक्के हा एकटा आकडा देणारी पद्धत ही गोष्ट लपवून ठेवते. तिन्ही उत्तरे अहवालात शेजारी शेजारी द्यावीत.

सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण मॉडेल

स्प्रेडशीटमध्ये दोन गोष्टी आपण सोप्या केल्या : रिपीटेबिलिटी स्थिर धरली आणि जोडीचा घटक काढून टाकला. पूर्ण मॉडेलमध्ये चारही प्रमाण विचलने एकाच वेळी सोडवली जातात. त्यासाठी आर भाषेतले बीआरएमएस पॅकेज (जे मागे स्टॅन वापरते) किंवा पायथनमधले पायएमसी, दोन्ही विनामूल्य आहेत. मॉडेल लिहिताना नग, ऑपरेटर आणि नग-ऑपरेटर जोडी हे तीन गट-परिणाम म्हणून द्यावेत. जोडीचा व्हेरियन्स इथे ऋण येत नाही. तो शून्याजवळ दाटलेले वितरण म्हणून दिसतो, आणि “जोडीचा परिणाम नाही” या ठाम विधानाऐवजी “असलाच तर इतपत असेल” असे म्हणता येते.

इथे हमखास होणारी एक गडबड एककांची आहे. रीडिंग मिलिमीटरमध्ये, म्हणजे २०.००३, १९.९९७ अशी भरली आणि प्रायर दिलाच नाही, तर बीआरएमएस प्रमाण विचलनांसाठी स्वतःचा प्रायर लावते, ज्याचे स्केल किमान २.५ असते. मिलिमीटरमध्ये ते अडीच हजार मायक्रॉन झाले. म्हणजे आपण नकळत जवळजवळ सपाट प्रायर घेतला, आणि वर पाहिल्याप्रमाणे तीन ऑपरेटरांसाठी सपाट प्रायर म्हणजे फुगलेले उत्तर. म्हणून सर्व रीडिंगांतून २० मिलिमीटर वजा करून उरलेला फरक मायक्रॉनमध्ये भरावा आणि चारही घटकांचे प्रायर स्वतः लिहावेत. नगांच्या घटकासाठी एसपीसीच्या (उत्पादनावरच्या सांख्यिकीय नियंत्रणाच्या) नोंदी हाताशी असतातच. रिपीटेबिलिटीसाठी टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे ४ मायक्रॉन, स्केल ठेवले तरी चालते, कारण तिथे रीडिंग भरपूर असल्याने प्रायरची फारशी चलती नसते.

पोस्टेरियरमधून नमुने काढणाऱ्या चार साखळ्या, प्रत्येकी २००० फेऱ्या, त्यांतल्या पहिल्या १००० सरावाच्या, ही नेहमीची मांडणी पुरेशी आहे. त्यातून ४००० नमुने मिळतात. प्रत्येक राशीचा आर-हॅट (चारही साखळ्या एकाच उत्तरावर आल्या का ते दाखवणारा आकडा) १.०१ च्या आत आणि परिणामी नमुनासंख्या (ते नमुने किती स्वतंत्र नमुन्यांइतके मोलाचे आहेत ती संख्या) किमान ४०० आहे का, ते पाहावे. जोडीचे प्रमाण विचलन शून्याला टेकले की स्टॅन “डायव्हर्जंट ट्रान्झिशन” असा, म्हणजे नमुने नीट काढता येत नसल्याचा, इशारा देते. तो दुर्लक्षू नये. ॲडॅप्ट-डेल्टा (नमुने किती सावधपणे काढायचे ते ठरवणारी सेटिंग) ०.९९ पर्यंत वाढवला की बहुधा तो थांबतो. थांबला नाही तर जोडीचा प्रायर आणखी घट्ट करावा.

मग ४००० नमुन्यांपैकी प्रत्येकावर आर अँड आर, टॉलरन्सशी प्रमाण, एकूण विचलनाशी प्रमाण आणि एनडीसी काढावेत. तीसच्या वर किती नमुने गेले ते मोजले की संभाव्यता मिळाली. वेगळे सूत्र लागत नाही. हाताने काढलेल्या उत्तराशी तुलना करावी. फरक किरकोळ असायला हवा. मोठा असेल तर आधी एकके तपासावीत.

लीस्ट काउंटबद्दल एक सूचना. आपल्या उदाहरणात १ मायक्रॉनच्या राउंडिंगमुळे येणारे प्रमाण विचलन ०.२९ मायक्रॉन आहे आणि रिपीटेबिलिटी १.१७, त्यामुळे ते सोडून देता येते. पण तोच शाफ्ट १० मायक्रॉन लीस्ट काउंटच्या व्हर्निअरने मोजला तर तिन्ही रीडिंग सारखी येतील आणि रिपीटेबिलिटी शून्य दिसेल. तिथे प्रत्येक रीडिंग म्हणजे एक बिंदू न मानता “या दोन मर्यादांमध्ये कुठेतरी” असा पट्टा मानणारे लाइकलिहूड वापरावे लागते. दोन्ही सॉफ्टवेअरांत त्याची सोय आहे. त्याहून बरे म्हणजे व्हर्निअर बाजूला ठेवावा.

निर्णय कसा घ्यावा

२४ टक्के (किंवा ४२ टक्के) संभाव्यतेचे काय करायचे, हे संख्याशास्त्र ठरवत नाही. शाफ्ट पुढे बेअरिंगमध्ये दाबून बसणार असेल तर वेगळा निर्णय आणि मोकळा फिरणार असेल तर वेगळा. पण बहुतेक वेळा पहिला योग्य निर्णय गेज बदलण्याचा नसून माहिती वाढवण्याचा असतो, आणि त्यासाठी रीडिंगांची संख्या वाढवण्याचीही गरज नसते. त्याच नव्वद रीडिंगांत दहा नगांऐवजी पाच नग आणि तीनऐवजी सहा ऑपरेटर घ्यावेत. ऑपरेटरचा अंदाज पुन्हा १ मायक्रॉनच आला असे धरले, तर त्याची ९५ टक्क्यांची मर्यादा, कोणताही प्रायर न लावता, ०.५८ ते २.५ मायक्रॉन होते. तीन ऑपरेटर असताना ती ६.४ पर्यंत जात होती. नग पाचच राहिल्याने नगांचे प्रमाण विचलन कच्चे राहील हे खरे, पण ते एसपीसीच्या नोंदींतून अधिक चांगले मिळते आणि टॉलरन्सशी प्रमाण काढायला ते लागतही नाही. दहा-तीन-तीन ही रचना प्रमाण मानून चालण्यापेक्षा, ग्राहकाची परवानगी असेल तिथे, ही रचना मला कितीतरी पटीने उपयुक्त वाटते.

एक प्रश्न याच्याही आधी विचारायला हवा होता : हा गेज कोण वापरणार आहे? अभ्यासातले तिघे हे पुढे येणाऱ्या अनेक ऑपरेटरांचे प्रतिनिधी असतील, तर वरचे सगळे गणित लागू होते. पण स्टँडर्ड्स रूममध्ये कायम तेच तिघे काम करत असतील आणि चौथा हात या मायक्रोमीटरला लागणारच नसेल, तर “अनोळखी ऑपरेटर किती वेगळा असेल” हा प्रश्नच उरत नाही. त्या तिघांची प्रत्येकी तीस रीडिंग आहेत. प्रत्येकाच्या सरासरीतली चूक ०.२ मायक्रॉनच्या आसपास आहे. त्यांच्यातला फरक चांगलाच ठाऊक आहे. मग टॉलरन्सशी प्रमाण साधारण २० ते २७ टक्क्यांत राहते आणि तीस ओलांडण्याची भीती जवळजवळ संपते. बेझियन मॉडेलमधून हे उत्तर काढायचे तर ऑपरेटर-घटकाच्या प्रमाण विचलनाचे पोस्टेरियर न घेता, प्रत्येक नमुन्यात त्या तीन ऑपरेटरांच्या परिणामांचे प्रत्यक्ष प्रमाण विचलन काढावे. कंत्राटी कामगार दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या लाइनवर हे दुसरे उत्तर वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

ऑडिटसाठी नेहमीचा तक्ता, २३ टक्के आणि एनडीसी ५ यांसह, तसाच ठेवावा. ग्राहकाच्या फॉर्ममध्ये तोच आकडा मागितलेला असतो. त्याला एक पान जोडावे : प्रायर कोणते आणि का, ते कोणत्या तारखेला ठरले, पोस्टेरियरचा मध्यक आणि पट्टा, तीस टक्के ओलांडण्याची संभाव्यता तीन प्रायरांखाली, आणि घेतलेला निर्णय. पोस्टेरियरची आकृती लावायची असेल तर तिच्यावर दहा आणि तीस टक्क्यांच्या उभ्या रेषा आखाव्यात.

पुढच्या वर्षीचा अभ्यास करताना या वर्षीचे पोस्टेरियर प्रायर म्हणून वापरता येते, पण जसेच्या तसे वापरू नये. वर्षभरात हात बदलतात, नग बदलतात, म्हणून त्याची रुंदी वाढवून घ्यावी. किती वाढवली तेही लिहावे. तीन विशिष्ट ऑपरेटरांचे अंदाज पुढे न्यायचे नसतात, त्यांच्यातल्या प्रमाण विचलनाचा अंदाज न्यायचा असतो. दरम्यान मायक्रोमीटर खाली पडला असेल, स्पिंडल बदलला असेल किंवा अॅन्व्हिल पुन्हा लॅप केले असेल, तर रिपीटेबिलिटीचे जुने पोस्टेरियर टाकून द्यावे आणि तिथे पुन्हा रुंद प्रायरने सुरुवात करावी. ऑपरेटरच्या घटकाचे जुने पोस्टेरियर मात्र तेव्हाही ठेवता येते, कारण दुरुस्तीला गेज गेला होता, माणसे नाहीत.